रिंगण

सामना पाहायला जाणारा माणूस डोळे घेऊन जातो. तिकिटाच्या बदल्यात त्याला पाहण्याचा हक्क मिळतो आणि तो हक्क तो पुरेपूर वसूल करतो. खेळाडू धावतो, चिडतो, हसतो, रडतो. हे सारे आपल्यासाठीच चालले आहे असे प्रेक्षकाला मनोमन वाटत असते आणि त्यात फारसे वावगेही नाही. खेळाडूच्या पडण्याचीसुद्धा आपल्याला सवय झालेली असते. फुटबॉलमध्ये तर पडणे ही एक कलाच आहे. पंचाला पाझर फुटावा म्हणून धडधाकट माणसे गवतावर अशी काही लोळतात, की एखाद्या कसलेल्या नटाने शिकून घ्यावे! परंतु कधीतरी, फार क्वचित, एखादा खेळाडू असा कोसळतो की ते कोसळणे खेळातले नाही, हे हजारो लोकांना एकाच वेळी कळते. कोणी सांगावे लागत नाही. मैदानातला सारा कल्लोळ एकदम खाली बसतो. अशा वेळी प्रेक्षकाच्या त्या पाहण्याच्या हक्काचे काय करायचे, हा प्रश्न मला गेली काही वर्षे सतावतो आहे.

तो मनात रुतला १२ जून २०२१ च्या रात्री. युरोपीय फुटबॉल स्पर्धेत डेन्मार्क आणि फिनलंड यांचा सामना कोपनहेगनच्या पार्केन मैदानावर चालू होता. करोनाच्या साथीमुळे मर्यादित प्रेक्षकांनाच प्रवेश होता. आपल्याकडे दुसरी लाट नुकती कोठे ओसरू लागली होती. खाट, प्राणवायू आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी लोकांनी आधीचे दोन महिने वणवण केली होती. त्यामुळे त्या रात्री दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या आम्हा चार-सहा जणांना हिरवे मैदान आणि गाणारी माणसे पाहूनच हायसे वाटत होते.

पूर्वार्ध संपत आला होता. डेन्मार्कचा १० क्रमांकाचा खेळाडू ख्रिस्तियन एरिक्सन रेषेबाहेरून आलेला चेंडू घेण्यासाठी पुढे झाला आणि कोणाचा धक्का लागलेला नसताना तोंडघशी पडला. त्याने हातांनी स्वतःला सावरलेही नाही. पडणारा माणूस नकळत हात पुढे करतो. त्याने ते केले नाही, यातच सारे आले. पंच अँथनी टेलर यांनी क्षणात खेळ थांबवून वैद्यकीय पथकाला आत बोलावले. कर्णधार सिमोन केअर धावत आला. त्याने एरिक्सनला सावरण्यासाठी धडपड केली आणि मग आपल्या सहकाऱ्यांना भोवती उभे केले. डॉक्टर छाती दाबत होते. विजेचा झटका देऊन हृदयाची लय परत आणणारे यंत्र, ज्याला डिफिब्रिलेटर म्हणतात, ते आणले गेले. हे सारे चालू असताना ते तगडे खेळाडू खांद्याला खांदा लावून गोल उभे राहिले. पाठी आपल्या सोबत्याकडे आणि तोंडे बाहेर, जगाकडे. कित्येकांचे डोळे भरून आले होते; एकाने जर्सीत तोंड लपवले होते.

आपल्याला पंढरीच्या वाटेवरचे रिंगण ठाऊक आहे. वारकरी गोल उभे राहतात, मधून माउलींचा अश्व धावतो आणि सारे डोळे आत लागलेले असतात. ते रिंगण पाहण्यासाठीच असते. कोपनहेगनला उभे राहिलेले रिंगण पाहू न देण्यासाठी होते. मृत्यूच्या दाराशी पडलेल्या माणसाला एका गोष्टीची गरज असते, ती म्हणजे आडोसा. आणि तो त्याला स्वतःला मागता येत नाही. त्या तरुणांना हे कोणी शिकवले होते, मला माहीत नाही. घरातले कोणी अत्यवस्थ झाले की आपल्या घरातली वडीलधारी बाई आधी दाराचा पडदा ओढते. तिलाही हे कोणी शिकवलेले नसते.

पण रिंगणाच्या वरून पाहणारा एक डोळा होता. कॅमेरा. त्याला खांद्यांचा अडसर नव्हता. खेळाडूंच्या फटींमधून तो आत शिरू पाहत होता. एरिक्सनची जीवनसाथी धावत मैदानात आली, केअर आणि गोलरक्षक कॅस्पर श्मायकेल तिला धीर देऊ लागले, तेव्हा तिचे रडणेही त्याने जगभर पोहोचवले. पुढे त्यावर मोठी टीका झाली. ब्रिटनमध्ये बीबीसीकडे हजारो तक्रारी गेल्या. या संस्थेने प्रेक्षकांची माफी मागितली आणि मैदानातले चित्रण आपल्या हातात नव्हते, असेही सांगितले.

आमच्या खोलीतही दोन तट पडले. शेजारचे काका म्हणाले, "बंद करा तो टीव्ही. कोणाचं मरण असं बघू नये." त्यांच्या मुलीने रिमोट हातात घट्ट धरला. ती म्हणाली, "बाबा, तो श्वास घेतोय की नाही, एवढं तरी कळू दे." मला त्या दोघांतले कोणीच चुकीचे वाटले नाही. कॅमेऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण कॅमेरा आपल्या डोळ्यांनीच पाहतो. आपल्या पाहण्यात कुतूहल किती आणि काळजी किती, हे त्या क्षणी पाहणाऱ्यालाही सांगता येत नाही. दूध आणि पाणी एकत्र झाल्यावर वेगळे करण्यासारखे ते आहे. फरक कळतो तो नंतर. काळजी असलेला माणूस 'तो वाचला' एवढे ऐकून थांबतो; कुतूहलाचे मात्र तेवढ्याने भागत नाही, ते तीच दृश्ये पुन्हा पुन्हा मागते.

मैदानातल्या प्रेक्षकांनी काय केले, ते मात्र विसरता येत नाही. प्रथम भयाण शांतता पसरली. मग फिनलंडच्या पाठीराख्यांतून 'ख्रिस्तियन' अशी हाक उठली आणि डेन्मार्कच्या पाठीराख्यांनी 'एरिक्सन' असे तिला उत्तर दिले. एका देशाने पहिले नाव घ्यायचे, दुसऱ्याने आडनाव. असे कितीतरी वेळ चालले. आपल्याकडेही शुद्ध हरपलेल्या माणसाला नावाने हाका मारण्याची रीत आहे. त्या हाकांनी हृदय सुरू होत नाही, हे खरे. ते डॉक्टरांच्या हातांनी आणि यंत्राच्या झटक्याने सुरू झाले. तरीही हजारो माणसे असहायपणे बसून असताना त्यांनी शिव्याशाप, आरडाओरडा किंवा चेंगराचेंगरी न करता एका माणसाचे नाव वाटून घेतले, हे मला थोर वाटते. फिनलंडच्या प्रेक्षकांनी आपले ध्वजही खाली दिले. एरिक्सनला बाहेर नेताना आडोशासाठी जे कापड धरले होते, त्यात प्रतिस्पर्धी देशाचे ते निळे-पांढरे ध्वज होते. ध्वजाचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

थोड्या वेळाने तो शुद्धीवर असल्याची बातमी आली आणि त्याच रात्री सामना पुढे खेळवला गेला. खेळाडूंना दोन पर्याय होते: त्याच रात्री खेळा, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारी. या निर्णयाविषयी माझे मत प्रतिकूल आहे. ज्याच्या डोळ्यांदेखत घरचे माणूस रुग्णालयात नेले, त्याला तासाभरात 'आता की उद्या' असे विचारणे म्हणजे पर्याय देणे नव्हे. डेन्मार्कचे प्रशिक्षक कॅस्पर ह्युलमांड यांनीही नंतर खेळ पुन्हा सुरू करणे योग्य नव्हते असे सांगितले. फिनलंडने तो सामना १-० असा जिंकला. एवढ्या मोठ्या स्पर्धेतला फिनलंडचा तो पहिलाच सामना आणि योएल पोह्यान्पालोने केलेला तो पहिलाच गोल. एखाद्या छोट्या देशाने पिढ्यान्‌पिढ्या ज्याची वाट पाहावी, असा क्षण. पण गोल करणाऱ्याने आनंद साजरा केला नाही; धावत येणाऱ्या सहकाऱ्यांनाही त्याने आवरले.

हे झाले मैदानातले. मैदानाबाहेर त्याच रात्री दुसरा खेळ सुरू झाला होता, कारण शोधण्याचा. धडधाकट माणूस अचानक कोसळला की आपल्याला भय वाटते आणि त्या भयाला तात्काळ एखादे नाव हवे असते. एरिक्सनने करोनाची लस घेतली होती, म्हणून हे झाले, असा संदेश फिरू लागला. तो ज्या इटालियन संघाकडून खेळत होता, त्या इंटर मिलानच्या संचालकांनी त्याने लस घेतलेली नव्हती असे स्पष्ट केले. पण खुलासा बैलगाडीने येतो आणि अफवा विमानाने! तो संदेश आमच्या इमारतीतल्या लोकांच्या फोनवर पोहोचला, तेव्हा लसीकरणाच्या रांगेत उभे राहावे की नाही, या विचारात असलेली काही वयस्कर माणसे त्या इमारतीत होती. कोपनहेगनमधल्या एका तरुणाच्या दुखण्याचा असा उपयोग होऊ शकतो, हे त्याला स्वप्नातही वाटले नसेल. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे बफेलो संघाचा डमार हॅमलिन मैदानात कोसळला, तेव्हा तीच अफवा नवा वेश घालून आली. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या आघाताने त्याच्या हृदयाची लय बिघडली होती. मात्र त्याच आठवड्यात दुसरेही घडले. गरीब मुलांना खेळणी घेऊन देण्यासाठी त्याने पूर्वी एक छोटा निधी सुरू केला होता. उद्दिष्ट होते २,५०० डॉलरांचे. अनोळखी लोकांनी त्यात ८० लाखांहून अधिक डॉलर टाकले. एकाच समाजाच्या एकाच आठवड्यातल्या या दोन्ही प्रतिक्रिया आहेत.

कारणाचा शोध कधी कधी माणसावर जाऊन थांबतो आणि मग त्याचा अपराधी होतो. आपल्या देशातले उदाहरण ५ डिसेंबर २००४ चे आहे. बंगळूरच्या कंठीरव मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता. गोव्याचा धेंपो संघ आणि कोलकात्याचा मोहन बागान. धेंपोकडून खेळणारा क्रिस्तियानो ज्युनियर हा ब्राझीलचा पंचवीस वर्षांचा तरुण. (तोही १० क्रमांकाचा आणि त्याचे नावही एरिक्सनच्या नावाचेच भावंड.) त्याने एक गोल आधीच केला होता. उत्तरार्धात दुसरा गोल करताना त्याची आणि पुढे आलेल्या गोलरक्षकाची धडक झाली. चेंडू जाळ्यात गेला आणि ज्युनियर खाली पडला तो पुन्हा उठला नाही. तातडीच्या उपचारांची पुरेशी सोय तेथे नव्हती, अशी टीका नंतर सर्वत्र झाली. धेंपोने चषक जिंकला. त्या विजयाचे काय करायचे, हे मडगावपासून पणजीपर्यंत कोणालाही कळत नव्हते. त्याच हंगामात संघाने राष्ट्रीय लीगही जिंकली आणि ज्युनियरची १० क्रमांकाची जर्सी पुन्हा कोणाला न देण्याचे ठरवले.

तो गोलरक्षक होता सुब्रत पाल. वय अठरा वर्षेही पूर्ण नाही. लोकांचा सगळा संताप त्याच्यावर कोसळला. त्याच्यावर काही काळ बंदीही आली. त्याने धडक मुद्दाम दिली की नाही, हा वाद मी येथे उकरणार नाही. मला आठवते ते वेगळेच. मैदानावर यंत्र नव्हते, तयारी नव्हती. पण या उणिवांना चेहरा नसतो. चेहरा त्या पोराला होता. गर्दीला चेहराच हवा असतो. व्यवस्थेवर दगड मारता येत नाही, म्हणून तो समोरच्या माणसावर मारला जातो. पुढे हाच सुब्रत पाल भारतीय संघाचा गोलरक्षक झाला. सत्तावीस वर्षांनी आशियाई चषकात पोहोचलेल्या भारतासाठी २०११ मध्ये कतारला तो ज्या जिद्दीने उभा राहिला, ते पाहून लोकांनी त्याला 'स्पायडरमॅन' म्हटले. २०१६ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत काही वर्षांपूर्वी त्याला शिव्या देणारेही असतील. मधल्या वर्षांत त्याच्या मनावर काय ओझे होते, हे विचारण्याची गरज फार थोड्यांना वाटली.

डोळे आणि तोंड यांच्यापलीकडे प्रेक्षकाकडे आणखी एक गोष्ट असते: दोन हात. त्यांची आठवण आपल्याला शेवटी होते. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस बेटावर भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ यांचा वेगवान चेंडू आदळला. शिरस्त्राणे वापरण्याचे ते दिवस नव्हते. कवटीला गंभीर इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि रक्त हवे होते. रक्त द्यायला पुढे आले ते प्रतिस्पर्धी वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल. भारतीय संघातल्या चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनीही रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले. कसोटी सामना मात्र त्यांना पुन्हा खेळता आला नाही. बंगालची क्रिकेट संघटना १९८१ पासून ३ फेब्रुवारीला वॉरेल यांच्या नावाने रक्तदान घडवून आणते. वॉरेल यांना खेळताना कधीही न पाहिलेली माणसे तेथे बाही वर करून रांगेत उभी राहतात.

मार्च २०१२ मध्ये लंडनला बोल्टन संघाचा फाब्रिस मुआम्बा कोसळला, तेव्हा प्रेक्षकांतच एक हृदयरोगतज्ज्ञ बसले होते, डॉ. अँड्र्यू डीनर. ते खुर्ची सोडून मैदानात धावले. मुआम्बाचे हृदय ७८ मिनिटे स्वतःहून चालले नाही. तरी तो वाचला, महिन्याभराने आपल्या पायांनी घरी गेला. त्याच दिवशी एका विद्यार्थ्याने त्याच्याविषयी वर्णद्वेषी गरळ ओकली आणि न्यायालयाने त्याला ५६ दिवसांची कैद सुनावली, हेही नोंदवले पाहिजे. पण मी त्या डॉक्टरांचा विचार अधिक करतो. तिकीट काढून आलेला माणूस कुंपण ओलांडतो आणि प्रेक्षक उरत नाही.

सगळेच डॉक्टर नसतात, हे मान्य. पण आपल्या गावातल्या मैदानांवर काय दिसते? कोणी चक्कर येऊन पडला की पन्नास माणसे त्याच्यावर ओणवतात. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततो. ते पाणी श्वासनलिकेत गेले तर जीवच जाईल, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. हेतू चांगला, पण हात अडाणी. आता त्यात फोनची भर पडली आहे. दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धेत मी हे पाहिले. एप्रिलच्या उन्हात गोलंदाजी करणारा मुलगा खाली बसला आणि आडवा झाला. गर्दीने त्याला गिळून टाकले. तेवढ्यात गावातल्या आशाताई माणसे बाजूला सारत आत शिरल्या. त्यांनी त्याचा श्वास पाहिला, त्याला कुशीवर वळवले आणि पाण्याची बाटली पुढे करणाऱ्याचा हात बाजूला केला. मग मान वर करून त्या भोवतीच्या बाप्यांवर कडाडल्या, "फोन खिशात घाला! पाठी करा इकडं, सावली तरी पडंल!" आणि ती सगळी माणसे, त्यांत एक सरपंचही होते, निमूटपणे पाठमोरी उभी राहिली. मुलाचे हृदय चालू होते. उन्हाने भोवळ आली होती. जीप येईपर्यंत त्याने डोळे उघडले.

हृदयच बंद पडले असते तर? हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हृदयक्रिया थांबलेला माणूस हाकेला ओ देत नाही आणि त्याचा श्वास नीट चालत नाही. तो केवळ आचके देत असतो. अशा वेळी विजेचा झटका मिळायला उशीर झाला की प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. १०८ ला फोन करून रुग्णवाहिकेची नुसती वाट पाहत बसण्याइतका वेळ नसतो. फोन एकाने करायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपर ताठ धरून, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, न थांबता. दमले की दुसऱ्याने बसायचे. हे करायला पदवी लागत नाही, थोडा सराव लागतो.

डेन्मार्कने हा सराव आपल्या लोकांकडून करून घेतला होता. २००५ मध्ये तेथील शाळांत हे शिक्षण सक्तीचे झाले. २००६ पासून वाहन चालवण्याचा परवाना काढतानाही ते घ्यावे लागू लागले. २००१ मध्ये हृदयक्रिया बंद पडलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला जवळच्या माणसाकडून अशी मदत मिळत होती; २०१० मध्ये हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर पोहोचले. आपल्याकडे स्पर्धेसाठी मांडव, ध्वनिवर्धक, चषक आणि पाहुण्यांचे हार यांचा खर्च आधी ठरतो. प्रथमोपचार जाणणारी दोन माणसे आणि एक वाहन मैदानाशी उभे आहे ना, हे विचारायला कोणाला संकोच वाटू नये.

एरिक्सनच्या छातीत नंतर एक छोटे यंत्र बसवले गेले. हृदयाची लय बिघडली तर ते आतूनच झटका देते. असे यंत्र असलेल्या खेळाडूला इटलीच्या लीगमध्ये खेळता येत नसल्यामुळे त्याला इंटर मिलान सोडावा लागला. इंग्लंडमधल्या ब्रेंटफर्ड या लहानशा संघाने त्याला घेतले. २६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यूकॅसलविरुद्धच्या सामन्यात, उत्तरार्ध सुरू झाल्यावर थोड्याच वेळाने, तो मैदानाच्या कडेला उभा राहिला. बाहेर आला तो मॅथियास येन्सन. कोपनहेगनला एरिक्सनला उचलून नेल्यावर त्याच्या जागी उतरलेला खेळाडू हाच होता. ब्रेंटफर्डचे प्रेक्षक उभे राहिले, न्यूकॅसलचेही उभे राहिले आणि टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. मग चेंडू आत आला आणि खेळ पुढे सुरू झाला. तो सामना ब्रेंटफर्डने दोन गोलांनी गमावला.